पंधरा वर्षांचा गिझर: दुरुस्त करावा की बदलावा?

ठाण्यात नौपाड्यातील एका जुन्या चार मजली सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या न्हाणीघरात भिंतीवर उभा बसवलेला २५ लिटरचा विजेचा गिझर २०१० मध्ये घेतलेला असून त्याची कॉइल मध्यंतरी एकदा बदलली आहे. अलीकडे तीन तक्रारी सुरू झाल्या आहेत. पाणी तापायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो, गिझरखाली थेंब थेंब पाणी पडलेले दिसते आणि गिझर चालू असताना मुख्य बोर्डावरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच प्रवाह तोडणारा स्विच, दोनदा पडला. एका कारागिराने सांगितले की एवढा जुना गिझर ठेवण्यात अर्थ नाही, नवा घ्या, विजेचे बिल निम्म्यावर येईल. दुसऱ्याचे म्हणणे असे की कॉइल आणि थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला वीज बंद करणारा भाग) बदलला की आणखी पाच वर्षे पाहायला नको. घरात वयस्कर सासूबाई आहेत, सोसायटीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू आहेत आणि शेजाऱ्यांनी गॅस गिझर बसवून घेण्याचा सल्ला दिला आहे.

ताई, सर्वात आधी एक विनंती. पुढची तपासणी होईपर्यंत हा गिझर चालू करू नका. आरसीसीबी दोनदा पडला याचा अर्थ वीज जिथे जाऊ नये तिथे कुठेतरी जात आहे, आणि न्हाणीघरात ओल्या पायांनी उभ्या असलेल्या माणसासाठी यापेक्षा गंभीर सूचना दुसरी नाही. तोवर आंघोळीचे पाणी स्वयंपाकघरातल्या शेगडीवर तापवावे. चार दिवसांची ही गैरसोय सोसण्यासारखी आहे.

आता मूळ प्रश्न. ठाणे आणि नवी मुंबईतल्या घरांमध्ये गिझर बसवण्याचे आणि दुरुस्तीचे काम मी दीर्घकाळ करत आलो आहे, आणि माझे ठाम मत आहे की केवळ वय पाहून गिझर काढूही नये आणि ठेवूही नये. गिझरमधली कॉइल, थर्मोस्टॅट, कटआउट (थर्मोस्टॅट बिघडला तर वीज तोडणारा भाग), रबरी गॅसकेट, सेफ्टी व्हॉल्व्ह, अॅनोड रॉड, आतली वायर हे सगळे भाग बदलता येतात आणि त्यांचा खर्च नव्या गिझरच्या मानाने किरकोळ असतो. आतली टाकी मात्र बदलता येत नाही. टाकी गेली की गिझर गेला. म्हणून दोनच गोष्टी तपासायच्या असतात: टाकी शाबूत आहे का, आणि विजेच्या बाजूने गिझर पूर्णपणे सुरक्षित करता येतो का. दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर पंधरा वर्षांचा गिझरही खुशाल ठेवावा, आणि एकाचे जरी नकारार्थी असेल तर चार वर्षांचा गिझरसुद्धा काढून टाकावा. आपण लिहिलेल्या हकिकतीवरून दिसते की आलेल्या दोघांपैकी एकानेही गिझरचे खालचे झाकण उघडले नाही. झाकण न उघडता दिलेला सल्ला, तो बदलण्याचा असो की दुरुस्तीचा, हा केवळ अंदाज असतो.

गळतीपासून सुरुवात करू, कारण टाकीची बरीचशी माहिती तिथेच मिळते. गिझरखाली पाणी दिसले की लोक टाकी फुटली असे धरून चालतात, पण पाणी येण्याच्या जागा अनेक आहेत आणि त्यातली एक तर दोष नसून गिझर नीट काम करत असल्याची खूण आहे. पाणी तापले की फुगते. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर गेले की त्याचे आकारमान सुमारे ३५० मिलिलिटरने, म्हणजे दीड पेल्याने वाढते. थंड पाण्याच्या नळीवर बसवलेल्या सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये पाणी उलट जाऊ न देणारी झडप असते, त्यामुळे हे वाढलेले पाणी मागे जाऊ शकत नाही. ते त्याच व्हॉल्व्हच्या बारीक तोंडातून थेंबाथेंबाने बाहेर पडते. गिझर चालू असताना थेंब पडतात आणि बंद केल्यावर काही वेळाने थांबतात, असे होत असेल तर त्यात बिघाड नाही. त्या तोंडाला एक छोटी नळी लावून ती मोरीपर्यंत सोडावी म्हणजे भिंत ओली होत नाही.

या थेंबांचा वैताग येऊन त्या तोंडात बूच ठोकलेले किंवा सेफ्टी व्हॉल्व्ह काढून साधा नळाचा तुकडा जोडलेला मी अनेक घरांत पाहिला आहे. असे कधीही करू नये आणि कोणी करत असेल तर त्याला थांबवावे. थर्मोस्टॅट अडकला, कटआउटनेही दगा दिला आणि दाब बाहेर पडायला वाट उरली नाही, तर बंद टाकीतले पाणी शंभर अंशांच्या वर जाऊन टाकी फुटू शकते. जुन्या बनावटीच्या काही गिझरांत यासाठी फ्यूजिबल प्लग नावाचा आणखी एक भाग असतो, जो अति तापमानाला वितळून वाफेला वाट करून देतो. तो वितळलेला आढळला तर नुसता नवा प्लग लावून भागत नाही. थर्मोस्टॅट आणि कटआउट दोन्ही निकामी झाले आहेत असे समजून ते आधी बदलावे लागतात.

मग टाकीची गळती कशी ओळखायची? गिझरचा स्विच बंद करून प्लग काढून ठेवावा, गिझरचा खालचा भाग आणि नळ्यांचे जोड कोरड्या फडक्याने पुसून घ्यावेत, थंड पाण्याचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवावा आणि खाली कोरडा कागद अंथरून रात्रभर तसेच राहू द्यावे. पाणी तापत नसताना सेफ्टी व्हॉल्व्हने गळायला नको. सकाळी कागद कोरडा असेल तर आपण पाहिलेले थेंब बहुधा प्रसरणाचेच होते. थेंब सेफ्टी व्हॉल्व्हच्याच तोंडाखाली पडले असतील तर व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला आहे किंवा तो झिजला आहे, आणि तो बदलला की काम झाले. नळीच्या जोडाशी ओल असेल तर ते प्लंबरचे अर्ध्या तासाचे काम आहे. गिझरच्या अंगातून, म्हणजे बाहेरच्या पत्र्याच्या खालच्या छिद्रांतून पाणी आले असेल तर मात्र झाकण उघडावेच लागते.

झाकण उघडल्यावर कॉइल ज्या गोल तबकडीवर बसवलेली असते, तिच्या कडेने पाणी येते आहे की टाकी आणि बाहेरचे आवरण यांच्यामधल्या फोममधून, हे नीट पाहावे. तबकडीच्या कडेने येत असेल तर गॅसकेट कडक होऊन तडकले आहे. ते बदलता येते, आणि कॉइल बदलताना ते नेहमी नवेच घालावे. फोम भिजलेला असेल, त्यावर तांबूस डाग असतील आणि पाणी वरून झिरपत असेल, तर टाकीला छिद्र पडले आहे. अशा टाकीवर बाहेरून एम-सील किंवा तत्सम लांबी लावून कोणी हमी देत असेल तर ती मान्य करू नये. पूर्वीच्या जाड तांब्याच्या टाक्यांना टाका मारणारे कारागीर अजूनही सापडतात, पण एका जागी पत्रा झिजला म्हणजे आसपासचाही पातळ झालेला असतो, आणि दाबाखाली राहणाऱ्या टाकीच्या बाबतीत मी त्या वाटेला जात नाही.

टाकी का झिजते हेही समजून घेण्यासारखे आहे, कारण यातली एक गोष्ट आपल्या हातात असते आणि ती जवळजवळ कोणीच करत नाही. घरगुती गिझरच्या टाक्या तांब्याच्या, स्टेनलेस स्टीलच्या किंवा आतून काचेसारखा लेप दिलेल्या साध्या पोलादाच्या असतात. लेप दिलेल्या टाकीत मॅग्नेशियमचा एक दांडा टांगलेला असतो. त्याला अॅनोड रॉड म्हणतात. लेपात कुठे सूक्ष्म चीर असली तर तिथल्या पोलादाऐवजी हा दांडा झिजतो आणि टाकी वाचते. दांडा संपला की गंज थेट पोलादाला लागतो. पाण्याच्या प्रतीनुसार हा दांडा साधारण दोन ते तीन वर्षांत तपासून बदलायचा असतो, आणि त्याची किंमत काही शे रुपयांच्या घरात असते. तरीही दहा-दहा वर्षे एकदाही न उघडलेल्या गिझरांत त्या दांड्याच्या जागी नुसती तार उरलेली दिसते. आपल्या गिझरची कॉइल बदलली तेव्हा दांडाही बदलला होता का, हे जुन्या पावतीवर पाहावे. बदलला असेल तर टाकी शाबूत असण्याची आशा बरीच वाढते.

पाण्याचा भागही मोठा आहे. ठाणे शहराला मुख्यतः भातसा आणि उल्हास नद्यांचे आणि नवी मुंबईला मोरबे धरणाचे पाणी मिळते. सह्याद्रीच्या पावसाचे हे पाणी तुलनेने मृदू असते आणि त्याचा क्षार कमी बसतो. नौपाड्यासारख्या जुन्या वस्तीत नळाचे पाणी वापरणाऱ्या घरांतल्या टाक्या म्हणूनच बऱ्यापैकी टिकतात. घोडबंदर रस्त्यावरच्या ज्या सोसायट्यांना टँकर आणि बोअरवेलवर अवलंबून राहावे लागते, तिथले चित्र वेगळे असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅम आहे. वरच्या मर्यादेजवळचे पाणी पिता येत असले तरी गिझरमध्ये ते फार लवकर थर धरते. आपल्या इमारतीत वरच्या वापरासाठी बोअरवेलचे पाणी मिसळतात का, हे सचिवांना विचारून घ्यावे.

पाणी तापायला वेळ लागतो, या तक्रारीचे दोन अर्थ होतात आणि दोन्हींची कारणे निराळी आहेत. खरोखरच तापायला वेळ लागतो, की गरम पाणी लवकर संपून कोमट येऊ लागते? दुसरे होत असेल तर टाकीतली गरम पाणी वरून घेणारी नळी गंजून तिला मध्येच छिद्र पडले असण्याची शक्यता असते, त्यामुळे खालचे थंड पाणी त्यात मिसळते. पहिले होत असेल तर साधा हिशेब करून पाहावा. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण एक युनिट वीज लागते, म्हणजे २००० वॉटच्या कॉइलला अर्धा तास. थंडीत नळाचे पाणी चार-पाच अंशांनी अधिक गार असते, तेव्हा पाचेक मिनिटे जास्त. पाऊण तासाच्या वर वेळ लागत असेल तर शोध घ्यावा.

कॉइल पूर्ण ताकदीने काम करते आहे का, हे विजेच्या मीटरवरूनही कळते. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो हे मीटरवरच छापलेले असते. तो आकडा ३२०० असेल आणि घरातले बाकी सगळे बंद करून फक्त २००० वॉटचा गिझर चालू ठेवला तर अर्ध्या मिनिटात ५३ च्या आसपास लुकलुक मोजता आली पाहिजे. आपण मात्र ही चाचणी विजेची गळती दूर झाल्यावरच करावी. आकडा बराच कमी आला तर मागच्या वेळी १५०० वॉटची कॉइल बसवली गेली असेल, किंवा घरात येणारा विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेजच कमी असेल. व्होल्टेज घटले की कॉइलची ताकद वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळाले तर २००० वॉटची कॉइल जेमतेम १५०० वॉट देते. अशा वेळी नवा गिझर आणला तरी तोही तितकाच सावकाश तापणार.

राहिला क्षार. तो कॉइलवर जमला की कॉइल आतून जास्त तापते आणि लवकर जळते, तापताना टाकीतून खडखड असा आवाज येतो, थर्मोस्टॅटच्या नळीवर थर बसला तर तोही चुकीच्या वेळी वीज तोडतो. हा थर सायट्रिक आम्लाने, म्हणजे लिंबूसत्वाच्या द्रावणाने काढता येतो. फरशी धुण्याचे जहाल अॅसिड टाकीत ओतणारे कारागीर आहेत. त्याने स्टेनलेस स्टीलची टाकी कायमची खराब होते, तेव्हा त्याला परवानगी देऊ नये.

आता आरसीसीबी. कॉइलच्या तांब्याच्या आवरणाला सूक्ष्म तडा गेला की पाणी आत शिरते आणि वीज पाण्यातून टाकीकडे व अर्थिंगकडे वाहू लागते. ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी ही गळती ओळखून क्षणार्धात प्रवाह तोडतो. तो पडला म्हणजे त्याने आपले काम केले, आणि "आरसीसीबी खराब आहे, काढून टाकू" असे कोणी म्हणाले तर त्याला दारातूनच परत पाठवावे. तपासणी सोपी आहे. प्लग काढून कॉइलच्या दोन टोकांमधला रोध मोजला तर २००० वॉटच्या कॉइलचा तो २६ ओहमच्या आसपास भरतो. कॉइलचे टोक आणि धातूचे अंग यांच्यामधला रोध मात्र मेगरने (वीज गळते का हे मोजणाऱ्या उपकरणाने) तपासल्यावर दशलक्ष ओहमच्या घरात यायला हवा. तो कमी आला तर कॉइल गेली, आणि ती नव्या गॅसकेटसह बदलावी. कॉइल निर्दोष असेल तर प्लग, सॉकेट आणि आतल्या वायरी पाहाव्यात. वरून झिरपलेले पाणी वायरींच्या जोडांवर पडत असेल तर गळती आणि आरसीसीबी या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच निघू शकते, आणि आपल्या बाबतीत मला ही शक्यता बरीच वाटते.

या निमित्ताने अर्थिंग तपासून घ्यावे, असा माझा आग्रह आहे, कारण जुन्या इमारतींतला सर्वात मोठा धोका तिथे दडलेला असतो. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या अनेक घरांत गिझरच्या अर्थची तार जवळच्या लोखंडी जीआय पाइपला गुंडाळलेली असे. मध्यंतरी सोसायटीने गंजलेले पाइप काढून प्लास्टिकचे सीपीव्हीसी पाइप टाकले, आणि त्या दिवशी कोणाच्याही लक्षात न येता या घरांचे अर्थिंग तुटले. काही ठिकाणी सॉकेटमध्येच अर्थचे टोक न्यूट्रलला, म्हणजे विजेच्या परतीच्या तारेला, जोडलेले आढळते, जे त्याहून वाईट आहे, कारण न्यूट्रल कुठे सुटला तर गिझरचे अंग आणि नळ थेट विजेला जोडले जातात. अर्थिंग नसलेल्या घरात जुना गिझर घातक आहे आणि नवाही तितकाच घातक आहे. गिझरसाठी मुख्य बोर्डापासून स्वतंत्र, किमान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, स्वतःचा एमसीबी (प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला की पडणारा स्विच) आणि १६ अँपियरचा सॉकेट हवा. पैसे मोजकेच असतील तर ते आधी इथे खर्च करावेत, नव्या गिझरवर नंतर.

बिल निम्मे होईल हा पहिल्या कारागिराचा दावा मला सविस्तर तपासावासा वाटतो, कारण त्यावर विश्वास ठेवून अनेक कुटुंबे चांगले गिझर भंगारात काढतात. थंड देशांत अख्खे घर उबदार ठेवणारे बॉयलर गॅस किंवा तेल जाळून चालतात. जुन्या बॉयलरमध्ये ज्वलनातली बरीच उष्णता धुराड्यावाटे निघून जाते आणि नवे बॉयलर ती धुरातूनही परत मिळवतात, म्हणून तिथे जुना बदलला की इंधन खरोखर वाचते. विजेच्या गिझरला धुराडे नसते. कॉइल पाण्यात बुडालेली असते आणि तिने घेतलेली जवळजवळ सगळी वीज पाण्याच्याच उष्णतेत बदलते. पंधरा वर्षांपूर्वीही बदलत होती, आजही बदलते. क्षाराचा थर असला तरी ती उष्णता थोड्या उशिराने पाण्यातच जाते.

नव्या गिझरमध्ये फरक पडतो तो टाकीभोवतीच्या फोममध्ये. तापलेले पाणी नुसते साठवून ठेवले असता दिवसभरात किती उष्णता बाहेर जाते, यावर ऊर्जा दक्षता ब्यूरोचे तारांकन दिलेले असते. आता आपल्या घरचा हिशेब मांडू. चार माणसांनी प्रत्येकी २० लिटरची बादली ४० अंशांच्या पाण्याने भरली आणि नळाचे पाणी २७ अंशांचे असले, तर माणशी ०.३ युनिट, चौघांचे मिळून रोज १.२ आणि महिन्याला ३६ युनिट लागतात. ही वीज कोणताही गिझर वाचवू शकत नाही. उष्णतागळतीपुरते समजा की जुना गिझर पूर्ण २४ तास चालू ठेवल्यास १.४ युनिट गमावतो आणि नवा ०.७, तर दिवसरात्र चालू ठेवणाऱ्या घरात महिन्याला २१ युनिटांचा फरक पडेल. पण आपल्याकडे बहुतेक घरांत गिझर सकाळी तासभर लावतात, सगळ्यांच्या आंघोळी एकापाठोपाठ होतात आणि तो बंद करतात. अशा वापरात फरक महिन्याला चार-पाच युनिटांच्या पुढे सहसा जात नाही. सोयीसाठी युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला पाच-सहाशे रुपये वाचतील. दहा हजारांचा गिझर या बचतीतून वसूल व्हायला सोळा वर्षांहून जास्त काळ लागेल.

वीज वाचवायचीच असेल तर जुन्या गिझरवरही ती वाचवता येते. थर्मोस्टॅट ७५ वर ठेवला असेल तर ६० वर आणावा. त्याहून फार खाली मात्र आणू नये, विशेषतः घरात वयस्कर माणसे असताना, कारण साठवलेल्या कोमट पाण्यात लीजिओनेला जातीचे जीवाणू वाढू शकतात आणि ६० अंशांच्या पुढे ते टिकत नाहीत. ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत कातडी भाजते, म्हणून सासूबाईंच्या बादलीत आधी थंड पाणी सोडून मग गरम मिसळण्याची सवय घरातल्या सगळ्यांनी ठेवावी.

घोडबंदर, खारघर अशा भागांतल्या उंच इमारतींत राहणाऱ्यांना आणखी एक गोष्ट पाहावी लागते. पाण्याचा स्तंभ दर दहा मीटरला सुमारे एक बार दाब देतो. आपल्या चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर गच्चीवरच्या टाकीचा दाब जेमतेम एक बार भरेल, त्यामुळे आपल्याला याची चिंता नाही. तीस मजली इमारतीत मात्र मधल्या मजल्यांवर दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवलेले असतात, आणि त्यातला एखादा बिघडला की त्याखालच्या घरांतल्या टाक्यांवर क्षमतेबाहेरचा दाब येतो. गिझरच्या पट्टीवर कमाल दाब छापलेला असतो. उंच इमारतीसाठी तो ०.८ मेगापास्कल, म्हणजे ८ बार असावा. एकाच रांगेतल्या तीन-चार घरांचे गिझर लागोपाठ गळू लागले तर गिझरच्या कंपनीला दोष देण्याआधी सोसायटीने तो व्हॉल्व्ह तपासावा. पुनर्विकासानंतर आपली इमारतही अशीच उंच होणार असेल, तर आज नवा गिझर घेताना ही पट्टी वाचून घेणे उपयोगाचे ठरेल.

पुनर्विकासाचा विचार निर्णयात जरूर धरावा. बोलणी चालू असणे आणि घर रिकामे करण्याची तारीख ठरणे यांत नौपाडा-पाचपाखाडीच्या अनुभवाप्रमाणे बराच काळ जातो, तेव्हा केवळ बोलण्यांच्या भरवशावर असुरक्षित गिझर ओढत राहू नये. उलट टाकी चांगली असेल तर याच कारणासाठी दुरुस्ती करून वेळ काढणे शहाणपणाचे आहे. ठाणे महापालिका हद्दीत नव्या इमारतींना सौर पाणीतापक बंधनकारक केलेले असल्याने नव्या घरात एका न्हाणीघराला गच्चीवरून गरम पाणी येण्याचीही शक्यता आहे, आणि मग आपली गरज एखाद्या लहान गिझरवर भागेल.

गॅस गिझरबद्दल माझे मत स्पष्ट आहे. महानगर गॅसची, म्हणजे पाइपच्या गॅसची, जोडणी असलेल्या घरात तो चालवायला सोयीचा पडतो हे खरे, पण तो न्हाणीघराच्या आत कधीही बसवू नये. बंद जागेत ज्योत जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि माणूस मदतीला हाक मारण्याआधीच शुद्ध हरपतो. थंडीत अशा मृत्यूंच्या बातम्या वाचायला मिळतात आणि त्यात खिडकी लावून घेतलेले छोटे न्हाणीघर जवळजवळ नेहमी असते. घराबाहेर मोकळ्या हवेची ड्राय बाल्कनी असेल, तिथून पाइप आत आणता येत असेल आणि गिझर पाइपच्या गॅससाठी बनवलेलाच असेल, तरच त्याचा विचार करावा. सिलिंडरच्या गॅसचा गिझर पाइपच्या गॅसवर तसाच जोडू नये. जुन्या इमारतीतल्या आपल्या न्हाणीघराला बाहेरची बाल्कनी नसेल तर हा पर्याय सोडून द्यावा.

नवा घ्यायचाच ठरला तर आयएसआय चिन्ह असलेला घ्यावा, बादलीने आंघोळ करणाऱ्या चौघांना १५ लिटरही पुरतो, आणि दुकानदाराला हमीबद्दल विचारताना टाकीची हमी किती वर्षांची आणि ती टिकण्यासाठी अॅनोड रॉड बदलल्याची नोंद लागते का, हे नेमके विचारावे. भरलेल्या २५ लिटरच्या गिझरचे वजन ३५ किलोच्या आसपास जाते. जुन्या भिंतीला ओल आली असेल तर खिळे कुठे धरतात हे बसवणाऱ्याने ठोकून पाहायला हवे.

तेव्हा ताई, क्रम असा ठेवावा. आधी कागदाची रात्रीची चाचणी घरीच करा. मग मेगर बाळगणाऱ्या इलेक्ट्रिशियनला बोलावून झाकण आपल्या समोर उघडायला सांगा, फोमचा आणि तबकडीचा फोटो काढून ठेवा, कॉइल, सॉकेट आणि अर्थिंग तिन्ही मोजून घ्या. फोम कोरडा असेल तर दुसऱ्या कारागिराचा सल्ला बरोबर धरून कॉइल, गॅसकेट, थर्मोस्टॅट, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि अॅनोड रॉड एकाच वेळी बदलून टाका. पाच वर्षांची खात्री मी देणार नाही, पण पुढच्या वर्षी पुन्हा झाकण उघडून पाहिले तर तोवर निर्धास्त वापरता येईल. फोम भिजलेला असेल तर दुरुस्तीवर एक रुपयाही घालू नका, नवा गिझर घ्या, आणि तो बसवण्याच्या आदल्या दिवशी अर्थिंगचे काम पुरे करून घ्या.